हंडीतलं मीठ

लग्न होऊन अंगुलला आले तेव्हा मला स्वयंपाक येतो का, असं कुणी विचारलं नाही. ते बरंच झालं. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, आणि नव्या सुनेनं स्वतःच्याच तोंडानं स्वतःचं इतकं कौतुक केलेलं बरं दिसत नाही. पुरीजवळच्या साक्षीगोपाळच्या आमच्या घरात आम्ही पाच बहिणी. पाचवी मी. आता पुरे, म्हणून वडिलांनी माझं नाव इतिश्री ठेवलं. चौघींची लग्नं होऊन त्या गेल्या आणि स्वयंपाकघर माझ्या एकटीच्या हातात आलं. भात कधी उतरवायचा हे मला झाकण न उघडता वासावरून कळतं. कुणाला पटत नसेल तर येऊन बघावं.

अंगुलच्या घरात माणसं दोनच. एक माझा नवरा, बिभूती. हायस्कूलात विज्ञान शिकवतो, म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. सासरे घरात असले की ‘तुम्ही’ आणि नसले की ‘तू’. दुसरे सासरे, कृतिबास परिडा, सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही दोघंही बापा म्हणतो. तिसरी, माझी सासू कुंतला, भिंतीवर. बिभूती तिला बोउ म्हणायचा, आमच्याकडे आईला तसंच म्हणतात, म्हणून मीही बोउच म्हणते. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी माघात ती गेली. मी तिला फोटोतच पाहिलं. कपाळाला मोठं कुंकू आणि चेहऱ्यावर, आता हे फोटोचं काम लवकर आटपा, माझा भात चुलीवर आहे, असा भाव.

आणि चौथी होती हंडी.

स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, वाळूच्या थरावर, ओलं फडकं गुंडाळलेली काळी मातीची हंडी. तिच्यात पखाळ. भात गार करायचा, पाणी घालायचं, रात्रभर ठेवायचा. उन्हाळ्यात अंगुलच्या माणसाला दुपारी दुसरं काही गळ्याखाली उतरत नाही. कोळशाच्या खाणींचा मुलूख, वैशाखात अंगण तव्यासारखं तापतं. भातावर आंबून जे पाणी येतं ती तोराणी, आणि खरी चव तिचीच. जुनी तोराणी थोडी तळाशी ठेवून तिच्यावर नवा भात घालत गेलं की चव मोडत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्या हंडीवरचं झाकण उचललं आणि मागून बापांचा आवाज आला.

“मा, त्या हंडीला हात लावू नकोस. ती मी बघतो. बाकी सगळं घर तुझं.”

सुनेला ‘मा’ म्हणतात ते प्रेमानंच. पण ते ‘बाकी सगळं’ मला टोचलं.

मग त्यांनीच सांगितलं. घरात कुणी गेलं की दहाव्याला घरातली सगळी मातीची भांडी बाहेर टाकतात, तशी इथंही टाकली. पण त्याआधी बापांनी बोउच्या हंडीतली तोराणी औषधाच्या बाटलीत भरली, बूच लावलं आणि कपाटात लपवली. सुतक फिटल्यावर नव्या हंडीत ओतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच तिच्यात भात घालतात, पाणी घालतात, दवाखान्यातला जुना काचेचा रेघारेघांचा पेला घेऊन काहीतरी मोजतात, आणि झाकण लावतात. स्वयंपाकघरात त्यांचं एवढंच काम. तेलाचा डबा कुठं आहे हे त्यांना आजही माहीत नाही.

“पोराला आईच्या हातचं मिळतंय अजून,” ते म्हणाले. “कुणाच्या नशिबी असतं असं?”

मी मान डोलावली.

अकरा वाजता मास्तर शाळेतून यायचा. उन्हाळ्यात शाळा सकाळची. गमछा डोक्याला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी ताट वाढून तयार. बडी, म्हणजे तुमचे सांडगे, तळून लसूण-मिरची-कांद्याबरोबर चुरलेली, वर कच्चं मोहरीचं तेल. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं. माठाची भाजी, लसणावर परतलेली. कैरीची चटणी. हे सगळं माझं. आणि मधोमध काशाच्या वाटग्यात पखाळ, ते तिचं. तो माझ्या बडीच्या चुऱ्याला “वा!” म्हणायचा, वांग्याला “झकास!” म्हणायचा, आणि पखाळचा पहिला घास घेताना काही न बोलता डोळे मिटायचा.

मला ते मिटलेले डोळे सहन व्हायचे नाहीत. मेलेल्या बाईचा मत्सर करणं वाईट. मी केला.

आणखी एक गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या दिवशी मी ताटात मीठ वाढलं, तर मास्तरनं ते बोटानं हळूच कडेला सारलं. “आमच्याकडे पखाळबरोबर ताटात मीठ लागत नाही.” माझ्या माहेरी मीठ, मिरची आणि कांदा नसेल तर पखाळचं ताट वाढलं असं कुणी म्हणत नाही. पण घरोघरची रीत वेगळी, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले असे प्रसंग आयुष्यात मोजकेच आहेत, त्यातला हा एक.

वैशाख पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं. संध्याकाळी चंद्र उगवतानाच लागलेला. बापा त्यांच्या निवृत्त मित्रांबरोबर समुद्रस्नानाला पुरीला गेले, परवा दुपारी येतो म्हणाले. जाताना मला तीनदा बजावलं, “हंडीत संध्याकाळी भात आणि पाणी घाल. दुसरं काही करू नकोस.” मास्तरनंही सांगितलं, “ग्रहण आहे, हंडीत तुळशीचं पान टाक. बोउ तेच करायची.”

आम्ही साक्षीगोपाळची माणसं. पुरीचं देऊळ हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे ग्रहणाला तुळशीच्या पानावर भागत नाही. शिजलेलं अन्न टाकायचं, मातीची हंडी टाकायची, न्हाऊन नव्या हंडीत नवा भात. माझ्या आईनं एकाही ग्रहणाला हे चुकवलं नाही, आणि गरोदर बाईच्या घरी तर शेजारणी येऊन हंडी टाकल्याची खात्री करून जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मास्तर शाळेला गेला. मी घर धुतलं, डोक्यावरून न्हाले, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात गेले आणि हंडीसमोर उभी राहिले. पान काही मी टाकलं नव्हतं. हंडी उचलली. चांगली जड होती. तळ्यामागच्या वडाखाली गावाची टाकलेली मडकी पडलेली असतात, तिथं नेऊन ठेवायची, ते सोडून मी वरून टाकली. फुटल्याचा आवाज आला.

धर्माचं केलं, असं मी मनाशी म्हणत घरी आले. खरं सांगते, धर्म निम्माच होता. बाकी निम्मं ते मिटलेले डोळे. चालताना मला हलकं वाटत होतं, आणि हे मी आजही नाकारत नाही.

अकराला मास्तर आला. मी ताजा भात गार पाण्यात घालून, दही फेटून, वर जिऱ्याची पूड आणि लिंबाचं पान कुस्करून ठेवलं होतं. स्वतःवर खूश होते. तो पाटावर बसला, आणि सवयीनं त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं नुसती वाळू, मधे गोल खळगा.

“हंडी?”

“ग्रहण होतं. टाकली.”

“टाकली म्हणजे?”

“टाकली म्हणजे टाकली. वडाखाली. आमच्याकडे ग्रहणाला...”

“आमच्याकडे, आमच्याकडे! पान टाक म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

तो उठला आणि तसाच, गमछा न घेता, उन्हात तळ्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. खापऱ्या होत्या आणि भातावर कावळे होते, एवढंच म्हणाला. मग खांबाला टेकून उभा राहिला. “उद्या बापा येतील. त्यांना काय सांगू मी?”

“तू कशाला? मी सांगते. मी टाकली, मी सांगते.”

“तू काही सांगायचं नाहीस!” लग्नानंतर पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “एक शब्द बोलायचा नाही!”

तो न जेवता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. माझ्या दह्याच्या पखाळवर माशा बसायला लागल्या.

तेव्हा मात्र मला भीती वाटली. राग आलेल्या माणसाला मी भीत नाही, चार मोठ्या बहिणींत वाढले आहे. पण तो रागावला नव्हता. त्याला रडू येत होतं आणि ते माझ्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. त्याच्या आईचं या जगात उरलेलं एवढंसं काहीतरी मी कावळ्यांना घातलं होतं. आता हा माणूस जन्मभर माझ्याबरोबर जेवेल, माझ्या वांग्याला झकास म्हणेल, आणि मला माफ करणार नाही. तीन महिन्यांत त्या घरात मी माझी म्हणून जी जागा केली होती ती त्या हंडीबरोबरच फुटली, असं मला वाटलं.

बसून राहणं मला जमत नाही. लोटा घेतला आणि मागच्या दारानं सुकांती माउसीकडे गेले. तिचं घर आमच्या परसाला लागून, मधे फक्त शेवग्याचं झाड. माउसी गोठ्यात धवळीला पाणी दाखवत होती, गालात पान.

“माउसी, लोटाभर तोराणी दे. जुनी, चांगली आंबट.”

“का गं? तुझ्या सासऱ्याची संपली?”

मी सगळं सांगितलं. ग्रहण, वड, कावळे, बाटलीत जपलेली बोउची तोराणी. सांगता सांगता मलाच हुंदका आला. माउसीनं पान थुंकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही मारते. ती हसायला लागली. इतकी हसली की धवळीनं वळून पाहिलं.

“बाटली? कसली बाटली?”

“बापांनी कपाटात लपवलेली.”

“अगं वेडे, दहाव्याला कुंतलाची हंडी मी स्वतः उचलून नेली. या दोन हातांनी. तोराणीसकट. तुझा सासरा तेव्हा मुंडण करून तळ्याच्या पायरीवर बसला होता, त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तो बाटल्या भरणार?”

“मग?”

“मग काय! पुढं पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी माझ्या दारात. हातात तो औषधाचा पेला. म्हणे, सुकांती, भात आंबतो कसा? मी म्हटलं, भात ठेवला की आंबतो. म्हणे, किती पाणी? किती तास? पोरगा अन्नाला शिवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलाय, त्याला आईच्या हातचं म्हणून देणार आहे.” माउसीनं पदरानं डोळे पुसले, हसण्याचे की कशाचे ते मला कळलं नाही. “पहिली हंडी नासली. दुसरी नासली. तिसरीत अळ्या. सगळी माझ्या धवळीला घालायचा. शेवटी शेवटी तीसुद्धा तोंड फिरवायला लागली. मग कधीतरी एक जमली.”

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“बिभूतीला सांगू नको, अशी शपथ घातली होती. तुला सांगू नको असं काही नाही म्हणाला.”

लोटा भरून देताना ती म्हणाली, “ही माझी तोराणी हां. कुंतलाची नाही, तुझ्या सासऱ्याची नाही. उगाच तिच्यातून कुणाचं भूत काढू नका.”

परत येताना शेवग्याखाली मी थांबले. सांगू की नको? सासऱ्याचं गुपित, सव्वा वर्ष जपलेलं. पण आत एक माणूस नसलेल्या गोष्टीसाठी रडत पडला होता. मी आत गेले आणि सांगून टाकलं. बाटली नव्हती, नासलेल्या हंड्या, धवळी, सगळं.

मास्तर भिंतीकडेच बघत होता. “मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“ती बोउची नाही हे. पहिल्या घासालाच कळलं होतं.” तो उठून बसला. “बोउ हंडीत मीठ घालायची नाही. कधीच नाही. बापा घालतात, त्या पेल्यानं मोजून.”

ताटातलं मीठ बोटानं सारणारा तो पहिला दिवस आता मला समजला.

“मग सव्वा वर्ष ते खारट...”

“वरून मीठ मागितलं नाही की त्यांना वाटतं बरोबर जमलं. मी डोळे मिटले की त्यांना वाटतं आईची आठवण आली.”

“आणि यायची नाही?”

“यायची,” तो म्हणाला. “आईचीच यायची. पण त्या चवीनं नाही. बापा दारात उभे राहून बघत असायचे ना, मी खातो की नाही ते. त्यानं.”

मग माझ्या लक्षात आलं. तो हंडीसाठी रडत नव्हताच. हंडी गेली म्हणजे बापांचं आता पोरासाठी करायचं काही उरलं नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. मला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि कानाखाली द्यावीशी वाटली. पहिली गोष्ट केली.

“आता असं करू,” तो माझ्या खांद्यावरून म्हणाला. “जुनी काळी हंडी कुठूनतरी आणू. पेल्यानं मोजून मीठ घालू. त्यांना कळणारच नाही.”

“नाही.”

“इती...”

“मास्तर, तुम्हा दोघांचं एकमेकांना फसवून पोट भरलं असेल. माझं भरणार नाही. मी या घरात जेवायला घालायला आले आहे, नाटकात कामाला नाही. नवी हंडी आण. लाल, कोरी. बाकीचं मी बघते.”

तो सायकल घेऊन कुंभाराकडे गेला. संध्याकाळी मी भात केला, जरा जास्त शिजवलेला, बोटांत दाबला की मोडेल असा. गार केला. माउसीची तोराणी, विहिरीचं पाणी, आंबेहळदीचा ठेचलेला तुकडा. मीठ नाही. ओलं फडकं मी स्वतः गुंडाळलं. वाळूतल्या खळग्यात ती हंडी थोडी तिरकी बसली, म्हणून वाळू सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बापा आले. पिशवीत प्रसादाचा खाजा, चपलांत वाळू, नाक उन्हानं लाल. पाय धुतले, आत आले, आणि दारातच थांबले. काळ्या हंडीच्या जागी लाल.

मास्तर घाईघाईनं पुढं झाला. “बापा, काल काय झालं, मांजर...”

“मांजर नाही,” मी म्हणाले. “मी. ग्रहणाला टाकली. तुम्ही सांगितलं होतं, यांनी सांगितलं होतं, तरी टाकली. थोडी माहेरच्या रीतीनं आणि थोडी रागानं. ती हंडी मला हात लावू देत नव्हती, म्हणून. चूक झाली, बापा. आजचं पखाळ माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.”

मास्तरनं डोळे मिटले. या वेळी जेवणासाठी नव्हे.

बापांनी हंडीवरचं ओलं फडकं चाचपून पाहिलं. मग पाटावर बसले. “वाढ,” म्हणाले. “भूक लागली आहे.”

मी वाढलं. पखाळ, बडीचा चुरा, वांगं, आणि दोन्ही ताटांच्या कडेला मीठ. मास्तर बसला. त्यानं न बघता चिमूट उचलून वाटग्यात टाकली, जशी आयुष्यभर टाकत आला असेल. बापांनी सरळ घास घेतला, चावला आणि थांबले.

“मीठ नाही.”

“ताटात आहे, बापा.”

“ताटात कशाला? हंडीत हवं. कुंतलाच्या हंडीत मीठ असायचं.”

मास्तर खाली बघत म्हणाला, “नसायचं, बापा.”

“मला सांगतोस? चौतीस वर्षं खाल्लंय मी.”

“हंडीत नसायचं. ती तुमच्या वाटग्यात कालवून द्यायची. तुम्ही दवाखान्यातून येऊन पाय धुवायचात ना, तेवढ्यात. मी बघायचो. आधी तुमचं मीठ, मग बाकीचं वाढणं.”

बापांचा हात वाटग्यातच राहिला. बोटांवरून पाणी टपकत होतं.

“रोज?”

“रोज.”

बाहेर धवळी हंबरली. बापांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मला दिसत होतं, आणि शेवटी त्यांनी मान वर करून पोराकडे पाहिलं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं. माझं पखाळ...”

“पहिल्या घासापासून.”

“मग खाल्लंस कशाला, मूर्खा? सव्वा वर्ष?”

“तुम्ही केलं होतं म्हणून.”

“सुकांतीची गाय खात नव्हती!”

“तेही कळलं,” मी म्हणाले.

बापा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि ठसका संपला तरी खांदे हलत राहिले. मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. गमछ्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले.

“कधी कमी पडलं नाही,” ते म्हणाले. “कधी जास्त झालं नाही. म्हणून विचारलंच नाही कधी. मला वाटायचं, भातालाच असते ती चव.” भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही. “चौतीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं, मीठ बरोबर आहे.”

मला रडू आलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिचा राग मनात धरला होता, आणि आता वाटत होतं की ती समोर असती तर तिच्या पाया पडून म्हटलं असतं, बाई, काय माणूस सांभाळलास तू! मी पुढं झाले आणि त्यांच्या ताटातलं मीठ त्यांच्या वाटग्यात कालवायला हात घातला.

त्यांनी माझा हात धरला. “थांब, मा. मी घालतो.” मग विचारलं, “किती?”

“चिमूटभर.”

“चिमूट म्हणजे किती?”

चाळीस वर्षं थेंबाथेंबानं औषधं मोजलेला माणूस. मी तीन बोटं जुळवून दाखवली. त्यांनी तशीच जुळवली, उचललं, घातलं, कालवलं, घास घेतला. बराच वेळ चावत होते.

“अजून आंबट हवं,” ते म्हणाले.

“उद्या होईल.”

“आंबेहळद बरोबर पडली आहे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझं ताट कुठं आहे?”

“मी मागून...”

“आण. इथं बस.”

मी ताट आणलं आणि त्यांच्यासमोर बसले. डोक्यावरचा पदर सारखा केला. बापांनी तीन बोटं जुळवली, मिठाची चिमूट उचलली आणि हात लांब करून माझ्या वाटग्यात टाकली. स्वतःच्याच बोटानं दोनदा ढवळली. चिमूट कसली, चांगली चमचाभर होती.

“खारट झालं, बापा,” मी म्हणाले, आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळं संपवलं.